ज्योत्स्नाबाई भोळे : सव्वातीन मिनिटांचं पद आणि त्यामागचं आयुष्य

सांजवात

मागच्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात नाट्यसंगीत स्पर्धा झाली. माझ्याकडे वेळ मोजायचं काम होतं. प्रत्येकाला सात मिनिटं, सहाव्या मिनिटाला एक टकोरा, सातव्याला दोन.

अकरावीतल्या एका मुलीनं ‘बोला अमृत बोला’ घेतलं. गळा सुरेख, तयारीही भरपूर. आधी आलाप, मग मुखडा, मग ताना, सरगम, परत ताना. दुसरा टकोरा पडला तेव्हा तिचा अंतरा सुरू व्हायचा होता. टाळ्या मात्र सगळ्यात जास्त तिलाच मिळाल्या. परीक्षक बाई वयस्कर होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावून अगदी मायेनं विचारलं, “बाळ, हे पद कुठल्या नाटकातलं?” तिनं लगेच सांगितलं, “कुलवधू.” “आणि ते नाटक कशाबद्दल आहे?” मुलगी थोडी थांबली. म्हणाली, “लग्नाबद्दल असेल ना? नव्या नवरीबद्दल.”

मला तिचा राग आला नाही. वाईट मात्र वाटलं, कारण हेच पद मी पन्नास वर्षं ऐकते आहे. मैफलीच्या शेवटी भैरवी म्हणून ऐकलं, लग्नात ऐकलं, डोहाळजेवणातसुद्धा ऐकलं. पण ज्या बाईनं ते पहिल्यांदा रंगमंचावर म्हटलं, तिच्याबद्दल आमच्या गावात त्या मुलीला सांगणारं कोणी नाही. म्हणून या मंचावर हा चर्चेचा धागा काढते आहे.

ती बाई म्हणजे गायिका-अभिनेत्री ज्योत्स्नाबाई भोळे, मूळच्या दुर्गा केळेकर. जन्म ११ मे १९१४, गोव्यातल्या बांदिवडे गावी. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. गाणं घरातच होतं, थोरली बहीण गिरिजाबाई केळेकरही गायची. तिच्यासोबत लहान वयातच दुर्गा मुंबईला आली. शास्त्रीय गायनातल्या आग्रा घराण्याची तालीम मिळाली. मुंबईचं रेडिओ केंद्र १९२७ साली सुरू झालं आणि त्यावर मराठी गाणं रुजवणाऱ्या पहिल्या आवाजांत तिचा आवाज होता. १९३२ साली केशवराव भोळ्यांशी लग्न झालं. केशवराव संगीतकार तर होतेच, पण ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी संगीतावर लिहिणारे फार बारकाईचे समीक्षकही होते. अठरा वर्षांच्या मुलीला घरातच असा कान मिळाला. ही तिच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी, १ जुलै १९३३ रोजी, मुंबईच्या रिपन थिएटरात ‘आंधळ्यांची शाळा’ उभं राहिलं. संस्था ‘नाट्यमन्वंतर’, लेखक श्री. वि. वर्तक, दिग्दर्शक पार्श्वनाथ आळतेकर, संगीत केशवरावांचं. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचं. पुरुषाला एक न्याय आणि बाईला दुसरा, असं का, हा त्याचा विषय. त्यातली बिंबा ज्योत्स्नाबाईंनी केली, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या.

तो काळ डोळ्यापुढे आणा. १९३१ ला बोलपट आला, १९३२ ला मराठी बोलपट आला. थिएटरं एकामागून एक सिनेमाकडे चालली होती. मोठमोठ्या नाटक मंडळ्यांचा पसारा त्यांनाच झेपेनासा झाला होता. अशा वेळी या मंडळींनी रात्रभराचं नाटक आटोपशीर केलं. पदांची गर्दी काढून मोजकीच गाणी ठेवली, मागे पार्श्वसंगीत आणलं, रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खरी खोली वाटेल असं नेपथ्य लावलं. आणि बाईची भूमिका बाईला दिली.

नाट्यमन्वंतर फार काळ टिकलं नाही, पण पुढे मो. ग. रांगणेकरांनी तो धागा उचलला. १९४१ साली ‘नाट्यनिकेतन’ निघाली. पहिलं नाटक ‘आशीर्वाद’, मग १९४२ साली ‘कुलवधू’. संगीत मास्टर कृष्णरावांचं. ‘बोला अमृत बोला’, ‘क्षण आला भाग्याचा’, ‘मनरमणा मधुसूदना’ ही सगळी त्यातलीच. कुलवधूची भानुमती ही लग्नातली नवरी नाही. ती घर चालवण्यासाठी सिनेमात काम करणारी विवाहित बाई आहे. तिचं नाव होतं, पैसा येतो, आणि नवऱ्याला ते सोसत नाही. इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’ नाटकातल्या, घर सोडून जाणाऱ्या नोराशी या नाटकाचं नातं सांगितलं जातं ते यामुळेच. ‘बोला अमृत बोला’मधलं ते गोड गोड बोलणं अशा घरातलं आहे. हे एकदा कळलं की पदाचा रंगच पालटतो.

आता माझं म्हणणं. ज्योत्स्नाबाईंचं नाव आपण ‘पहिल्या’ या खणात ठेवून दिलं आहे. पहिल्या कुलीन अभिनेत्री, पहिल्या अमुक, पहिल्या तमुक. त्यांचं खरं काम त्यांच्या गाण्यात आहे. त्यांनी पद हे नाटकातलं वाक्य आहे असं धरून गायलं. स्पर्धेहून घरी येऊन मी मूळ ध्वनिमुद्रण लावलं आणि हातात घड्याळ होतंच म्हणून मोजलं. सव्वातीन मिनिटं. सगळं पद तबकडीच्या एका बाजूत मावतं. त्यात एक शब्द पुसट नाही. तान येते ती शब्दाला वळसा घालून लगेच शब्दावरच परत येते.

ज्यांना त्यांच्या गाण्याबद्दल, नाटकांबद्दल काही माहिती असेल त्यांनी जरूर लिहा. त्या मुलीला वाचायला देणार आहे.

म्हादई

सांजवातताई, धागा वाचून बरं वाटलं. मी फोंड्याची. बांदिवडे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. महालक्ष्मीचं देऊळ तिथलं, नागेशीही त्याच गावात. त्या तळ्याच्या काठावर बसलं की देवळातली घंटा आणि चौघडा पाण्यावरून येतो. असं गाव लहानपणी कानात शिरलं की ते जात नाही.

एक गोष्ट लक्षात आणून देते. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, ज्योत्स्नाबाई बांदिवड्याच्या. सगळी गावं एकाच फोंडा तालुक्यातली, दुचाकीवरून अर्ध्या दिवसात फिरून होतील एवढी जवळ. मराठी नाट्यसंगीताची तीन वेगवेगळी वळणं इतक्या छोट्या मुलखातून निघाली. आणि तिघांनाही नाव कमवायला घाटावर, मुंबई-पुण्याला जावं लागलं. आमच्या देवळांनी गाणं सांभाळलं, पण गाणाऱ्या बाईला मान मिळाला तो गावाबाहेर. हे आम्ही गोंयकारांनी मोकळेपणानं कबूल करायला हवं.

देव बरें करूं.

तिसरी घंटा

लेख चांगला आहे. दोन मुद्द्यांवर मात्र बोलतो.

पहिला मुद्दा ‘बाईची भूमिका बाईला दिली’ याचा. तुम्ही स्वतः ‘पहिल्या’ म्हणायचं टाळलं आहे, ते योग्यच. पण वाचणाऱ्याचा समज तसा होऊ शकतो. कमलाबाई गोखले १९१३ सालीच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटात होत्या, त्यांची आई दुर्गाबाई कामतही त्यात होत्या. पुढे कमलाबाईंनी नाटकातही वर्षानुवर्षं काम केलं. हिराबाई बडोदेकरांनी तर भावंडांना घेऊन नाटक मंडळी काढली आणि स्त्री-पुरुष एकत्र रंगमंचावर आणले, तेही नाट्यमन्वंतरच्या आधी. निव्वळ बायकांच्या संगीत मंडळ्या त्याहून जुन्या. त्या बायकांनी काय काय सोसलं असेल! त्यांना बाजूला सारून इतिहास लिहू नये. शिवाय ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाईंबरोबर पद्माबाई वर्तकही होत्या, हेही नोंदवतो.

दुसरा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा. मी बालगंधर्वांच्या तबकड्यांवर वाढलो. आमच्या घरी आजोबा रात्री जेवणानंतर ग्रामोफोनला चावी द्यायचे आणि कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. नाट्यपद म्हणजे वन्स मोअरवर वन्स मोअर, एका ओळीवर दहा वेळा नव्यानं येणं, प्रेक्षक आणि गायक यांची चाललेली मैफल. स्वयंवर, मानापमान लोक गाण्यासाठीच पुन्हा पुन्हा पाहायचे. रांगणेकरांनी आणि ज्योत्स्नाबाईंनी ते तीन मिनिटांवर आणलं. मग पद छोटं झालं, पुढे आणखी छोटं झालं आणि शेवटी नाटकातून गेलंच. त्या मुलीनं सात मिनिटं गाऊन पदाला परत मैफलीत नेलं असेल, तर मला तरी त्यात चूक दिसत नाही.

चाफा

+१ पहिल्या मुद्द्याला. दुसऱ्याला नाही.

आजोळ

मला गाण्यातलं फार कळत नाही. पण कुलवधूची गोष्ट वाचून हात थांबले, म्हणून लिहिते.

माझी आई टेलिफोन ऑपरेटर होती. साठीच्या दशकातली गोष्ट. रात्रपाळी असली की संध्याकाळी सहाला स्वयंपाक उरकून, डब्यात दोन पोळ्या घालून निघायची. घरात पगार तिचा जास्त होता. वडील वाईट नव्हते, कधी हात उगारला नाही. पण पहिल्या तारखेला ती पाकीट देवापुढे ठेवायची, तेव्हा ते उठून गॅलरीत जायचे. परत येईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही. आम्ही भावंडं ते पाकीट आणि ती रिकामी खुर्ची बघत बसायचो.

आई हे पद ओट्याशी गुणगुणायची. मला वाटायचं, गोड चाल आहे म्हणून गुणगुणते. हे नाटक कमावत्या बाईबद्दल आहे हे आज तुमच्यामुळे कळलं. तिला ते ठाऊक होतं का, हे आता विचारता येत नाही. पण १९४२ साली कोणीतरी हे घर रंगमंचावर मांडलं होतं आणि ज्योत्स्नाबाई त्या बाईच्या जागी उभ्या राहिल्या होत्या, हे वाचून आईबद्दल काहीतरी नव्यानं समजल्यासारखं झालं. मनापासून आभार.

पायपेटीवाला

आजोळताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तिसरी घंटा, तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. मी चाळीस वर्षं हौशी नाटकांना ऑर्गनची साथ करतो आहे, बालगंधर्वांवर माझाही तुमच्याइतकाच जीव आहे. पण छोटं पद म्हणजे सोपं पद, हे मान्य नाही.

जुन्या पद्धतीत नट बोलणं थांबवतो, पुढे येतो, पेटीवाला सूर भरतो, तबला लागतो आणि पद सुरू होतं. प्रेक्षकही सावरून बसतो. सगळ्यांना ठाऊक असतं की आता गाणं आहे. कुलवधूसारख्या नाटकात हे चालत नाही. तिथे बाई खुर्चीवरून उठत उठत बोलते आहे आणि बोलता बोलताच पदाच्या पहिल्या शब्दावर येते. साथीदारानं तिच्या शेवटच्या वाक्याखाली सूर धरायचा, इतका हलका की प्रेक्षकाला तो ऐकू आला असं वाटू नये, पण तिला मात्र मिळावा. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी चार असो की काळी पाच, तिनं बोलण्याच्या आवाजातून नेमक्या त्या पट्टीवर उतरायचं. अर्धा क्षण उशीर झाला तर प्रसंग तुटतो, अर्धा क्षण लवकर झालं तर वाक्य मरतं. पद संपल्यावरही तसंच. टाळीसाठी थांबायचं नाही, पुढचं वाक्य तयार असतं.

मैफलीत गायकाला चुकीतून सावरायला जागा असते. पहिली तान फसली तर दुसरी आहे. सव्वातीन मिनिटांत ती सोय नाही. प्रत्येक हरकत एकदाच, आणि तीही भानुमतीच्या तोंडची वाटली पाहिजे. आग्रा घराण्याची तालीम झालेला गळा आहे हो तो. लांबवायचं ठरवलं असतं तर त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी हात आखडला तो भूमिकेसाठी.

तबकडीचंही सांगतो. लाखेची दहा इंची तबकडी एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं वाजायची. बालगंधर्वांना, दीनानाथांना ध्वनिमुद्रणासाठी आपलं पद त्यात कोंबावं लागायचं, म्हणून त्यांचं रंगमंचावरचं गाणं काय होतं याचा तबकडीवरून अंदाजच बांधायचा. ज्योत्स्नाबाईंचं पद मुळातच आटोपशीर बेताचं, म्हणून तबकडीवर ते कोंबलेलं वाटत नाही. माझ्या कानाला तरी ते जसंच्या तसं पूर्ण वाटतं.

विंगेतून

पायपेटीवाले काका, वाक्याखाली सूर धरण्याचं तुम्ही जे लिहिलंत ते अगदी तसंच असतं. मी संगीत नाटकात दोन वर्षं छोट्या भूमिका केल्या आहेत. विंगेत उभं राहून ते ऐकताना अंगावर काटा यायचा.

केशवरावांबद्दल थोडी भर घालते, कारण हे जोडपं वेगळं करून समजत नाही. नाट्यमन्वंतरनंतर केशवराव प्रभात फिल्म कंपनीत गेले. ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘संत ज्ञानेश्वर’ यांचं संगीत त्यांचं. यातलं १९३७ चं ‘कुंकू’ मुद्दाम बघा. त्यात नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही, प्रसंगात खरोखर जे आवाज असतील तेच ऐकू येतात. गाणं येतं ते प्रसंगातूनच. रंगमंचावर ज्योत्स्नाबाई जे गळ्यानं करत होत्या तेच केशवराव पडद्यावर करत होते. गाण्याला तिथे असायचं कारण हवं. नवराबायकोंची आपापल्या जागी एकच तळमळ चालली होती.

त्यांची भावगीतं विसरू नका. अनंत काणेकरांचं ‘आला खुशीत समिंदर’, चाल केशवरावांची. त्यातली लय ऐका, होडी खाली-वर होते तशी ती होते. कोळ्याच्या बोलीतले शब्द ज्योत्स्नाबाई असे उच्चारतात की कुठेही शहरी बाई नक्कल करते आहे असं वाटत नाही. रेडिओच्या मायक्रोफोननं गायकाला कुजबुजण्याइतकं जवळ आणलं होतं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असलेल्या पिढीला ते अवघड गेलं. ज्योत्स्नाबाईंना ती जवळीक उपजत होती, आणि मला वाटतं त्यांनी तीच उलट रंगमंचावर नेली.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहिते आहे. इथे रात्रीचे अकरा वाजलेत, धागा सोडवत नाही.

‘माझिया माहेरा जा’ या गाण्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून लिहिते. शब्द राजा बढे, चाल पु. ल. देशपांडे, आवाज ज्योत्स्नाबाईंचा. मी १९९८ साली इथे आले. पहिल्या हिवाळ्यात, साडेचारलाच अंधार पडू लागायचा तेव्हा, नवऱ्याच्या कॅसेटमध्ये हे सापडलं. माहेरी जाणाऱ्या पाखराला निरोप सांगणारं गाणं. मी ते एका दिवसात किती वेळा लावलं ते सांगत नाही. त्यात रडवेपणा अजिबात नाही हे त्या वयातही जाणवलं होतं. शब्द रडवणारे आहेत, आवाज मात्र स्वतःला सावरून बोलतो. सासरी उभ्या असलेल्या बाईचा आवाज तसाच असतो, कोणी ऐकेल म्हणून.

आमच्या मंडळाच्या गणपतीत हे गाणं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. एका वर्षी एका गुजराती सुनेनं म्हटलं, उच्चार शिकून. पहिल्या रांगेतल्या आज्या उठून तिच्याजवळ गेल्या.

तिसरी घंटा

पायपेटीवाले, तुमचं म्हणणं पटलं. पूर्ण नाही, पण मोठा भाग पटला. काल रात्री बालगंधर्व बाजूला ठेवून ‘मनरमणा मधुसूदना’ आणि ‘क्षण आला भाग्याचा’ पाठोपाठ ऐकली. पूर्वी मी ती घाईत ऐकत आलो होतो, पुढच्या तानेची वाट बघत. काल शब्द ऐकले. ‘क्षण’ या अक्षरावर त्या जे करतात ते लिहून सांगता येणार नाही. त्या अक्षराला त्या थांबवतात आणि लगेच सोडून देतात.

पद पुढे नाटकातून गेलं याचा दोष मी त्यांच्यावर टाकला होता, तो मागे घेतो. नाटकाचं अर्थकारणच बदललं होतं. पगारी गायक नट, साथीदार, बिऱ्हाडं, गाडीभर पडदे, असा संसार पोसणारी मंडळी उरली नव्हती. उलट मोजक्या माणसांत, एका नेपथ्यावर संगीत नाटक चालवता येतं हे नाट्यनिकेतननं दाखवलं, म्हणून ते आणखी काही वर्षं जगलं.

आणि म्हादई, तुमच्या फोंडा तालुक्याचं बोलणं चाललंच आहे तर १९६४ चं ‘मत्स्यगंधा’ नाटक आठवा. अभिषेकीबुवांनी तिथे पदं नेटकी ठेवली, प्रसंगाला धरून. ‘गुंतता हृदय हे’ किती लहान आहे आणि किती भरलेलं! तेव्हा सगळे म्हणाले, नाट्यसंगीत नवं झालं. ते खरंच आहे, पण ती पायरी आधी कोणीतरी बांधून ठेवली होती, हे मला काल रात्री ऐकताना प्रथमच जाणवलं.

म्हादई

तिसरी घंटा, वाचून फार समाधान झालं. मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’मधलं ‘मानसी राजहंस पोहतो’ही ऐका आता. तेही ज्योत्स्नाबाईंचंच. कुलवधूच्या घरगुती सुरानंतर हे ऐकलं की कळतं, पौराणिक नाटकात त्यांनी आवाज जुन्या वळणावर नेला नाही. सीतेच्या काळातली बाईसुद्धा त्यांच्या गळ्यात माणूसच राहते.

चाफा

मी पुण्यात राहते. हिराबागेत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, ज्योत्स्ना भोळे सभागृह. तिथे मी कितीतरी प्रायोगिक नाटकं पाहिली. नाव रोज डोळ्याखालून जायचं. तरुण मुलं-मुली तिथे नवं नाटक करतात, आणि ज्या बाईच्या नावाखाली करतात तीही कधी काळी अशाच प्रायोगिक नाटकात एकोणिसाव्या वर्षी उभी होती, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी ‘आराधना’ नावाचं नाटक स्वतः लिहिलं हेही नोंदवून ठेवते. १९७६ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ५ ऑगस्ट २००१ ला गेल्या, सत्याऐंशीव्या वर्षी. एवढं सगळं एका आयुष्यात, आणि आपल्याला दोन-तीन पदांपलीकडे नाव आठवत नाही.

सांजवात

किती मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. आजोळताई, तुमच्या आईचं ते पाकीट माझ्या डोळ्यापुढून हलत नाही.

काल संध्याकाळी त्या मुलीला घरी बोलावलं होतं, तिची आईही आली होती. हा सगळा धागा मी मोठ्यानं वाचून दाखवला. मग मूळ ध्वनिमुद्रण लावलं. पहिल्यांदा ती मान डोलावत ऐकत होती. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा तिनं वही काढली आणि ज्या ज्या ठिकाणी तान आहे तिथे पेन्सिलीनं खूण केली. खुणा मोजल्या, आणि आईला म्हणाली, “एवढ्याच?” मग बराच वेळ गप्प होती. जाताना विचारलं, “मावशी, पदाच्या आधी भानुमती काय बोलते? ते वाक्य मिळेल का?”

माझ्याकडे कुलवधूची संहिता नाही. कोणाकडे जुनी प्रत असेल तर कृपया कळवा, मी येण्याजाण्याचा खर्च करून छायाप्रत घ्यायला येईन. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीशीही बोलले. पुढच्या वर्षी स्पर्धेत एक नवीन फेरी ठेवायचं ठरलं आहे. पदाच्या आधीचा संवाद बोलायचा आणि त्यातूनच पदात शिरायचं. वेळ चार मिनिटं. साथीला इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालणार नाही असं मी सांगून टाकलं, पण इथे ऑर्गन वाजवणारं कोणी नाही.

विंगेतून

संहितेची प्रत माझ्या एका सहकलाकाराच्या घरी पाहिल्याचं आठवतं. उद्या विचारते. जीर्ण आहे, पण वाचता येते. मिळाली की पानांचे फोटो काढून तुम्हाला पाठवते, प्रवास करू नका.

तिसरी घंटा

त्या फेरीच्या पहिल्या बक्षिसाची रक्कम माझ्याकडून. आजोबांच्या नावानं द्यावी, एवढीच विनंती.

पायपेटीवाला

सांजवातताई, ऑर्गन माझा. टेम्पोत घालून आणीन, दोन माणसं उतरवून घ्यायला लागतील. आदल्या दिवशी येतो म्हणजे मुलांबरोबर एकदा बसता येईल.

त्या मुलीची पट्टी कळवा.